शिंगल, कौल की पत्रा? उन्हाच्या तालुक्यात घराचं छप्पर निवडताना

पाचगणी-महाबळेश्वरकडच्या बंगल्यांवर माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक चढवलेलं रंगीत छप्पर दिसतं, त्याला शिंगल म्हणतात. लांबून कौल वाटतं, जवळ गेलं की डांबरी कागदावर बारीक खडी चिकटवल्यासारखं दिसतं. आता फलटण, विटा, तासगाव, जत या बाजूला शेतात घर बांधणारे लोकही त्याची चौकशी करू लागलेत. दिसायला देखणं, गळत नाही, कौलापेक्षा हलकं, वर तीस वर्षांची गॅरंटी, असं सांगून ते विकलं जातं. यातलं बरंचसं खरं आहे. पण माण-खटाव-जतच्या माणसाने विचारायचा पहिला प्रश्न वेगळा आहे. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता या छपराखाली म्हातारं माणूस आणि तान्हं बाळ झोपू शकेल का?

हा प्रश्न शिंगलपुरता नाही. निळ्या-लाल पत्र्याला, सिमेंटच्या पत्र्याला आणि स्लॅबलाही तोच लावून बघायला हवा. घर बांधताना पाया, भिंती, चौकटी यात पैसा जातो आणि छप्पर शेवटी येतं, म्हणजे हात आखडल्यावर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं लागतं. एवढ्यात भिंती उभ्या करून वर उरलेल्या पैशात जे बसेल ते छप्पर, असा बहुतेक ठिकाणचा हिशेब असतो. पुढची वीस वर्षं मात्र त्याच छपराखाली काढायची असतात.

एकाच जिल्ह्यात दोन हवा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर असलेल्या माणमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग पावसाळाभर भिजतो आणि जत-आटपाडीला टँकरची वाट बघावी लागते. उन्हाळ्यात महाबळेश्वरला मे महिन्यातही पारा तिशीच्या आसपास खेळतो, पूर्वेकडे तो चाळिशी ओलांडतो. त्यामुळे महाबळेश्वरच्या बंगल्यावर शोभलेलं छप्पर म्हसवडला चालेलच असं नाही. तिथे छपराचं भांडण पावसाशी आहे, इथे उन्हाशी.

जुन्या लोकांना हे माहीत होतं. पाटण, जावळी, शिराळा या पट्ट्यात उतरतं कौलारू नाहीतर गवताचं घर, आणि माण, खटाव, आटपाडी, जत भागात मातीचं माळवद. भिंतीवर तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर किलचण, मग पाला आणि वर फूट-दीड फूट माती, शेवटी पांढऱ्या मातीचा थर चोपून बसवलेला. दिवसभराचं ऊन ही माती पिऊन टाकायची आणि ते आत झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची. तोवर बाहेर गार वारं सुटलेलं असायचं. माळवदाच्या घरात दुपारी गेलं की डोळ्यांपुढे अंधार आणि अंगाला गारवा, हे चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांनी अनुभवलेलं आहे.

मग माळवद गेलं का? एक तर लाकूड परवडेना. दुसरं म्हणजे दरवर्षी पावसाआधी वर पांढरी माती टाकून चोपायचं काम करायला माणूस मिळेना. वाळवीने तुळई पोखरली तर वरून कळत नाही. आणि वजन. फूटभर मातीचं वजन एका चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातं. दहा बाय बाराच्या खोलीवर हे साडेपाच टन झालं, आणि माती भिजली की आणखी वाढतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं कोसळून हजारो लोक झोपेतच गाडले गेले. कोयना खोऱ्याने तर त्याआधी ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसलेला होता. त्यामुळे हलकं छप्पर हवं ही गोष्ट खोटी नाही. आजही कुणी हौसेने माळवद करणार असेल तर इंजिनिअरला दाखवूनच करावं.

माळवदाच्या जागी आला पत्रा. फूट-दीड फूट मातीच्या आडोशाची सवय असलेल्या घरावर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ लोखंड आलं. वजनाचा प्रश्न सुटला आणि दुपार नकोशी झाली.

छपरातून ऊन आत येतं कसं

पंख्याखाली बसूनही पत्र्याच्या घरात डोकं तापतं, कारण तापलेला पत्रा चुलीसारखी धग खाली सोडतो. हवा गरम होते ती वेगळीच. एप्रिल-मेच्या दुपारी उघडा पत्रा किंवा गडद रंगाचं कुठलंही छप्पर साठ-सत्तर अंशांपर्यंत तापू शकतं. अनवाणी पाय ठेवून कुणी बघू नये.

हे कमी करायचे तीनच मार्ग आहेत: ऊन वरच्या वर परत फेकणं, मध्ये हवेची किंवा दुसरी आड घालणं, आणि अडकलेली गरम हवा बाहेर काढणं. बाजारात जे काही विकलं जातं ते या तीनपैकी काय करतं एवढंच तपासायचं.

पहिल्याबद्दल थोडे आकडे. छपरावर शंभर भाग ऊन पडलं असं धरलं तर चांगला पांढरा रंग दिलेलं छप्पर त्यातलं ७० ते ८० भाग परत फेकतं. लाल कौल तिसाच्या आसपास. गडद शिंगल फक्त ५ ते १५. पांढरी म्हणून मिळणारी शिंगलसुद्धा २५-३० च्या पुढे सहसा जात नाही, कारण तिच्यावर दगडाची चुरी असते आणि चुरीच्या मध्ये सावली धरते. नवा चकचकीत पत्रा साठेक भाग ऊन परत फेकतो, तरी भाजतो. कारण त्याने जेवढं ऊन घेतलं तेवढं आकाशाकडे परत सोडायला तो फार कद्रू आहे. पांढरा रंग या दोन्ही बाबतींत बरा. म्हणून चकचकीत म्हणजे थंड, हा समज काढून टाकावा.

शिंगल म्हणजे नेमकं काय

फायबरग्लासची पातळ चटई, तिच्यावर डांबराचा लेप आणि वर रंगीत दगडी चुरी, असे तीन पदार्थ मिळून ती बनते म्हणून तिला कंपोझिट शिंगल म्हणतात. चीज अमेरिकेची आहे. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावात १९०३ साली हेन्री रेनॉल्ड्स नावाच्या ठेकेदाराने छपरावर अंथरायच्या डांबरी गुंडाळ्या कापून त्याचे तुकडे केले, तिथून ती पसरली. तिथल्या लाकडी घरांवर आज सगळ्यात जास्त हेच छप्पर असतं. तिथे लाकडी फळीचं तक्तपोशीसारखं पूर्ण छत आधीच असतं, त्यावर शिंगल ठोकली की झालं.

आपल्याकडे गोम तिथेच आहे. शिंगल कौलासारखी रिपांवर बसत नाही आणि पत्र्यासारखी अँगलवरही टिकत नाही. तिच्याखाली सलग बैठक लागते. एक तर उतरता स्लॅब, नाहीतर लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड किंवा सिमेंटचा बोर्ड. त्यावर पाणी अडवणारा कागद, मग शिंगल. विकणारा जो दर सांगतो तो बऱ्याचदा नुसत्या शिंगलचा असतो. बोर्ड, कागद, खिळे, आढ्यावरची पट्टी, कोपऱ्यांचा पत्रा आणि मजुरी धरून चौरस फुटाला काय पडतं हे लेखी मागावं. तो आकडा ऐकून निम्मे लोक पुन्हा पत्र्याकडे वळतात, आणि त्यात काही चूक नाही.

शिंगलचं स्वतःचं वजन चौरस मीटरला दहा-बारा किलो, पत्र्याचं चार-पाच, मंगळूर कौलाचं चाळीसच्या आसपास आणि पाच इंची स्लॅबचं तीनशेच्या वर. म्हणजे शिंगल हलकीच, पण ती उतरत्या स्लॅबवर बसवली तर हलक्या छपराचा फायदा उरत नाही. तसं करायचं असेल तर सरळ म्हणावं की हौस म्हणून करतोय.

उन्हात तिचं काय होतं? डांबर तापून तापून कोरडं पडत जातं, चुरी सुटते, कडा वळतात. पन्हळीत काळी रेती साठायला लागली की समजावं, छप्पर म्हातारं होतंय. नवीन असताना थोडी चुरी गळतेच, त्याने घाबरायचं कारण नाही. पण दरसाल गळत राहिली तर उघडं पडलेलं डांबर उन्हाने आणखी लवकर जळतं. तीस वर्षांच्या गॅरंटीचा कागद नीट वाचावा. बहुतेक गॅरंट्यांत पहिली काही वर्षं सोडली तर भरपाई दरसाल घटत जाते, आणि छपराखाली हवा खेळती नसेल तर ती रद्द होते, अशी अट असते. हवा खेळती म्हणजे किती, याचं अमेरिकेतलं माप असं: खालच्या दीडशे चौरस फूट जागेला एक चौरस फूट उघडी जाळी. वळचणीला आणि आढ्याला अशी दोन्हीकडे नीट वाटून दिली तर तीनशेला एक चालते. आपल्याकडे बसवणारे आढ्याची फट पावसाच्या भीतीने बंद करून टाकतात आणि मग आत भट्टी होते.

पूर्वेच्या तालुक्यात शिंगल घालायचीच असेल तर रंग मिळेल तेवढा फिका घ्यावा, बोर्डाखाली हवेची पोकळी ठेवावी, आढ्याला झडीचं पाणी आत न येणारी जाळी बसवावी आणि खाली सीलिंग करावं. एवढं केलं तर घर राहण्यासारखं होतं. फक्त एवढ्या खर्चात पांढरा पत्रा आणि चांगलं सीलिंग करून बरेच पैसे उरतात, हेही लक्षात असू द्यावं.

काम कसं करून घ्यायचं तेही सांगायला हवं, कारण शिंगल बसवणारे कारागीर आपल्याकडे मोजके आहेत. उतार किमान तीन फुटाला एक फूट ठेवावा. एका पट्टीला चार खिळे, वाऱ्याच्या जागेला सहा, आणि खिळा पट्टीवर आखलेल्या रेषेतच. पट्टीच्या मागे डांबराचा चिकट पट्टा असतो. तो उन्हाने वितळून खालच्या पट्टीला धरतो, तेव्हा कुठे छप्पर एकजीव होतं. श्रावणात घाईने बसवलेलं छप्पर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नुसत्या खिळ्यांवर उभं असतं. उलट मे महिन्यात भर दुपारी कामगार वर चढले तर मऊ पडलेल्या डांबरात बुटाने चुरी खरवडली जाते. फेब्रुवारी-मार्च बरा, आणि उन्हाळ्यात सकाळचं काम.

जिथे पिण्याला पावसाचं पाणी धरायचं असेल तिथे शिंगलचा विचार सोडावा. डांबरावरून आलेलं पाणी झाडांना, जनावरं धुवायला चालेल, पिण्यासाठी टाळावं. माण, आटपाडी, जतमध्ये ही लहान गोष्ट नाही. हजार चौरस फुटांच्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेला असं धरलं तरी ३७ हजार लिटर पाणी खाली येतं. स्वच्छ पत्र्याला पन्हळ लावून, पहिल्या पावसाचं पाणी सोडून देऊन, गाळून टाकीत घेतलं तर टँकरच्या किती खेपा वाचतात याचा हिशेब घरच्या बाईला विचारावा.

पश्चिमेकडे मात्र शिंगलला जागा आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या लोकांचं कौलाशी जमेनासं झालं ते मुख्यतः वानरांमुळे. टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-वीस कौलं फुटतात आणि जुलैत वर चढून ती बदलणार कोण? शिंगलवर वानर नाचलं तरी फुटत नाही, पत्र्यासारखा पावसाचा ताशाही वाजत नाही. शेवाळ धरतं एवढंच. ते वायर ब्रशने किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढायला जाऊ नये, चुरीही निघून जाते.

पत्राच घ्यायचा तर

पूर्वेच्या तालुक्यात दहापैकी आठ जण शेवटी पत्राच घेतील, म्हणून त्याबद्दल जास्त बोलायला हवं.

पहिली गोष्ट रंग. रंगीत पत्र्यात निळा, विटकरी, हिरवा जास्त खपतो, कारण तो मळत नाही आणि उठून दिसतो. त्याच दुकानात, त्याच जाडीचा पांढरा पत्रा साधारण त्याच दरात मिळतो किंवा मागवून मिळतो. उन्हाविरुद्ध यापेक्षा स्वस्त उपाय नाही, कारण त्याला वेगळे पैसेच पडत नाहीत. दुकानदार पांढरा ठेवत नसेल तर चार दिवस थांबावं.

दुसरी जाडी. सांगितलेली जाडी रंग आणि लेपासह असते, आतलं लोखंड त्याहून पातळ. दुकानात मायक्रोमीटर लावून मोजून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पातळ पत्रा उन्हात वेगळा तापत नाही, पण वाऱ्यात फडफडतो, स्क्रूपाशी फाटतो आणि वर चढलं की दबतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सीलिंग. पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी हवंच. जुन्या घरांत माळा असायचा, त्यावर बी-बियाणं, कांदे, अडगळ. त्या अडगळीनेच ऊन अडायचं. आज प्लाय, सिमेंट बोर्ड, पीव्हीसीच्या पट्ट्या, बांबूची तट्टी, काहीही चालतं. पत्र्यापासून फूट-दीड फूट खाली बांधायचं आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळी ठेवायची म्हणजे मधली गरम हवा निघून जाते. जाळी नसेल तर सीलिंगचा निम्मा फायदा गेला. जाळीचं भोक बारीक असावं, नाहीतर उंदीर आणि उंदरामागे साप. थर्माकोल स्वस्त पडतो पण आगीला पटकन धरतो, त्यामुळे चुलीच्या खोलीत नकोच. चंदेरी बबल शीट लावणारे ती पत्र्याला घट्ट चिकटवून टाकतात. तसं केल्याने तिचं काम होत नाही. चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर हवा मोकळी पाहिजे.

ज्यांच्या घरावर आधीच गडद पत्रा आहे त्यांना तो काढायची गरज नाही. वरून बाहेरच्या कामाचा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, ज्याला बाजारात हीट प्रूफ किंवा कूल रूफ रंग म्हणतात, तो दोन हात मारला तर आतली दुपार दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. पत्रा धुऊन, गंज घासून, प्रायमर लावून मगच. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेच्या लाटेविरुद्ध आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं काम त्यात आलं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याकडे कुणी येऊन रंगवून देईल याची वाट बघण्यात अर्थ नाही, एका शनिवार-रविवारचं काम आहे.

स्लॅबवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर साधा चुनाही चालतो. चुन्यात थोडं फेविकॉल घालून मार्चमध्ये दोन हात द्यायचे, जूनच्या पावसात धुऊन गेला तरी उन्हाळा निघालेला असतो. पण जस्ताच्या किंवा गॅल्व्हल्यूम पत्र्यावर चुना मारू नये. तो नीट धरत नाही आणि लेपाला खातो.

यात एक आपल्याकडची अडचण आहे. कराड, वाळवा, पलूस भागात गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काळी राख उडते, वीटभट्ट्यांची काजळी वेगळी. पांढरं छप्पर मार्चपर्यंत करडं झालेलं असतं आणि करडं छप्पर ऊन परत फेकत नाही. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाला, होळीनंतर एकदा, पाण्याने आणि मऊ झाडूने छप्पर धुवावं.

पत्र्यावर पाचट किंवा कडबा टाकायची जुनी पद्धत अजून दिसते. गारवा देते यात शंका नाही, पण उसाला लागलेली आग किंवा चुलीची एक ठिणगी पुरते. त्यापेक्षा बेदाण्याच्या शेडवाल्यांकडून शिकावं. पत्र्याच्या वर फूटभर उंचीवर शेडनेट ताणलं, खालून वारं जात राहिलं, की पत्र्यावर ऊन पडतच नाही. गोठ्यासाठी तर हा उत्तम उपाय आहे. उन्हाने दुधाळ जनावर वैरण टाकतं आणि दूध कमी देतं, हे गोठेवाल्यांना सांगायला नको.

सौर पॅनेलचाही असाच उपयोग होतो, खालच्या छपरावर सावली पडते. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा पुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. मात्र पॅनेलचा सांगाडा वाऱ्याला धरतो, तेव्हा तो पत्र्याला नाही तर खालच्या लोखंडाला आवळलेला पाहिजे.

वळवाचा वारा

एप्रिल-मेमध्ये वळीव आला की दुसऱ्या दिवशी पत्रे उडाल्याच्या बातम्या येतात. कारण बहुतेक वेळा एकच, छप्पर भिंतीला बांधलेलंच नसतं. वारा छपराला वरून दाबत नाही, उचलतो, आणि सगळ्यात जास्त कडेला आणि आढ्याला. म्हणून कडेच्या ओळींत स्क्रू जवळजवळ घ्यावेत, रबरी वॉशर चांगला घ्यावा आणि सांगाड्याचे पाइप भिंतीत काँक्रीटमध्ये पुरलेल्या बोल्टला आवळावेत. पत्र्यावर दगड ठेवणं म्हणजे उपाय नव्हे, पत्रा उडताना तोच दगड शेजारच्या अंगणात पडतो. वळचण दीड-दोन फुटांच्या पुढे काढली असेल तर तिला खालून टेकू द्यावा. पडवी एका बाजूने उघडी असेल तर वारा आत भरून छप्पर वर ढकलतो, तिथे दुप्पट काळजी.

शिंगलला हाच धोका वेगळ्या रूपात असतो. पट्टी चिकटलेली नसेल तर वारा एक कड उचलतो आणि मग ओळच्या ओळ सुटते. गारपिटीत चुरी झडते. कौलं आणि सिमेंटचे पत्रे फुटतात, लोखंडी पत्र्याला खळगे पडतात पण तो गळत नाही.

स्लॅब, कौल, सिमेंटचा पत्रा

स्लॅब टिकाऊ, पण दिवसभर खाल्लेलं ऊन तो रात्री ओकतो. पत्र्याचं घर सूर्य मावळल्यावर तासा-दोन तासांत निवतं, स्लॅबचं घर मध्यरात्रीपर्यंत धगधगतं, म्हणून माणसं गच्चीवर झोपतात. दिवसा शेतात आणि रात्री घरात असणाऱ्याला पत्रा तितका छळत नाही, दिवसभर घरात असणाऱ्या म्हाताऱ्या आणि बाळंतिणीला छळतो. हा फरक घर बांधणारा पुरुष बऱ्याचदा विसरतो. स्लॅबवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी किंवा पांढरा रंग दिला तर दोन्ही वेळा बरं पडतं. कृष्णाकाठच्या मिरज, पलूस, वाळव्याच्या गावांनी निदान एका खोलीवर तरी स्लॅब ठेवावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा माणसं आणि धान्य वर न्यायला तोच कामाला आला.

मंगळूर कौल १८६५ पासून बनतं, बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला त्याचा कारखाना काढला तेव्हापासून. कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप निघून जाते, त्यामुळे ती पत्र्यापेक्षा थंड राहतात. पूर्वेकडे वानरांचा त्रास नसेल, जुनं लाकूड घरात असेल आणि उतार नीट असेल तर कौलासारखं छप्पर नाही. कौलाच्या आकाराचा पत्रा मिळतो तो फक्त दिसायला कौल, तापतो पत्र्यासारखाच.

सिमेंटचा जुना पत्रा बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पक्कं म्हटलेलं आहे. धड असलेला पत्रा डोक्यावर असण्यापेक्षा तो कापणं, भोक पाडणं, फोडणं, कोरडा झाडणं जास्त वाईट. ग्राइंडर तर लावूच नये. काढायचा झाला तर पाणी मारून, अख्खाच्या अख्खा उतरवावा, आणि त्याचे तुकडे रस्त्यात किंवा गोठ्यात भर म्हणून टाकू नयेत. नवा घेताना अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलाच आहे का, हे बिलावर लिहून घ्यावं.

उडालंच तर

वाऱ्या-पावसाने छप्पर गेलं तर पत्रे गोळा करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढावेत आणि तलाठी, ग्रामसेवकांना कळवून पंचनामा करून घ्यावा. केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. शेजारच्या गोठ्याला ३,०००. गोठ्याचा पंचनामा वेगळा लिहून घ्यायला लोक विसरतात, आणि मग ती रक्कम मिळत नाही. एवढ्या पैशात छप्पर पुन्हा उभं राहत नाही, पण निदान स्क्रू, बोल्ट आणि मजुरी निघते.

जुनं छप्पर बदलायचं असेल तर ते उतरवायचं काम पाडव्याच्या आत संपवावं. एप्रिलच्या मध्यानंतर उघड्या भिंतींवर वळीव कधी येईल याचा नेम नसतो, आणि त्याच दिवसांत लग्नसराईमुळे गवंडी-वेल्डर हाताला लागत नाहीत.